न्यू लॅनार्कचे गिरणीवाले रॉबर्ट ओवेन

ह्या पत्रांत ज्यांचीं चरित्रें येतात ते बहुधा मिशनरी, उपदेशक किंवा भजनकार असतात. आज ज्या गृहस्थांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, ते ह्यांपैकीं कोणीच नव्हते. ते सूत काढणाऱ्या गिरणीचे मालक होते. आणि पुढें त्यांनीं सर्व धर्ममतांविरुद्ध भर सभेंत भाषण केल्यामुळें मंडळ्यांत त्यांचें नांव घेणेंही पुष्कळांस रुचेनासें झालें. तरी त्यांचें चरित्र सांगण्याजोगें आहे, असें आम्हांस वाटतें. मजूर मनापासून काम कां करितो आणि कां करीत नाहीं, ह्या प्रश्नाचा विचार त्यांनीं नुसता लेखणीनें केला नाहीं. दोन हजार वस्तीच्या गांवांत पंचवीस वर्षें कारभार करून त्यांनीं तो अनुभवानें पारखला. आमच्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबें दुसऱ्याच्या शेतावर, वीटभट्टीवर किंवा कारखान्यांत राबणारीं आहेत. कांहीं थोडीं देवाच्या कृपेनें आतां दुसऱ्यांस कामास लावणारीं झालीं आहेत. दोघांसही ह्या गोष्टीशीं कर्तव्य आहे.

रॉबर्ट ओवेन ह्यांचा जन्म ता. १४ मे १७७१ रोजीं वेल्स प्रांतांतील न्यूटाउन ह्या लहान गांवीं झाला. बाप खोगिरें शिवी, लोखंडी सामान विकी, आणि गांवच्या टपालाचें कामही पाही. मुलगा इतका हुशार निघाला कीं, सातव्या वर्षींच मास्तरांनीं त्याला धाकट्या मुलांस शिकविण्यास बसविलें. दहाव्या वर्षीं त्यानें घर सोडलें. प्रथम तो लंडन शहरीं वडील भावाकडे गेला आणि तेथून थोड्याच दिवसांत स्टॅम्फर्ड गांवीं मॅक्गफॉग नांवाच्या कापडवाल्याच्या दुकानीं उमेदवार राहिला. पहिलें वर्ष पोटावारी, दुसऱ्या वर्षीं आठ पौंड, तिसऱ्या वर्षीं दहा पौंड, असा करार होता.

हा मॅक्गफॉग एके काळीं टोपली घेऊन खेड्यापाड्यांतून फिरणारा फेरीवाला होता. दुकान मोठें झालें तरी त्याची वागणूक बदलली नाहीं. माल चोख, नफा वाजवी, आणि दुकानांतल्या पोराशीं बोलणें घरच्या मुलाशीं बोलावें तसें. घरांत चांगला ग्रंथसंग्रह होता, आणि दुकान लवकर आटोपत असल्यामुळें रॉबर्टास रोज कांहीं तास वाचावयास मिळत. पुढें तो लंडन पुलाजवळच्या एका मोठ्या दुकानांत नोकरीस लागला. तेथें पगार वर्षाला पंचवीस पौंड, म्हणजे बराच अधिक. परंतु सकाळीं आठाच्या आंत केंस विंचरून, त्यांवर त्या काळच्या चालीप्रमाणें भुकटी लावून गिऱ्हाइकांपुढें उभें राहावें लागे. रात्रीं दहा साडेदहाला गिऱ्हाइकें गेलीं कीं विसकटलेल्या मालाच्या घड्या घालीत बसावें लागे, तें पहाटे दोनपर्यंत. जिन्याचा कठडा धरून कसें तरी वर जावें आणि पांच तास पडावें, इतकेंच. मालक कोणास शिव्या देत नसे, मारीतही नसे. नोकर हा त्याच्या हिशेबीं दुकानांतला एक कठडा होता, एवढेंच. एकाच धंद्यांतले हे दोन मालक ओवेन जन्मभर विसरले नाहींत.

आमच्या लहानपणीं गांवांतल्या बाया खुरपणीला जात, त्यांचें बोलणें ह्या ठिकाणीं आम्हांस आठवतें. ज्याच्या घरीं बाजाराच्या दिवशीं मजुरी हातांत पडे, त्याच्या शेतांतली हराळी मुळासकट निघे. जो आज या, उद्यां या असें म्हणे, त्याच्या शेतांतलें तण वरच्यावर खुडलें जाई. वरून दोन्ही शेतें सारखींच स्वच्छ दिसत. पाऊस पडला म्हणजे भेद कळे.

लंडनहून तो मँचेस्टरास आला. तो काळ कापसाच्या गिरण्यांचा नुकता उदय होण्याचा होता. कांहीं दिवस कापडाच्या दुकानांत काढल्यावर त्यानें भावाकडून शंभर पौंड उसने घेऊन कातण्याचीं यंत्रें बनविण्यांत भागी धरली. ती भागी मोडल्यावर तीन यंत्रांवर स्वतःचें सूत काढून तो विकूं लागला. इतक्यांत ड्रिंकवॉटर नांवाच्या श्रीमंत गृहस्थास आपल्या नव्या गिरणीसाठीं व्यवस्थापक पाहिजे आहे, असें त्यास समजलें. ओवेन तेव्हां सुमारें वीस वर्षांचा. मालकानें पगार विचारला तेव्हां त्यानें वर्षाला तीनशें पौंड सांगितले. मालक चकित झाला. त्या दिवशीं सकाळपासून जे उमेदवार आले त्या सर्वांची बेरीजही इतकी होत नाहीं, असें त्यानें ऐकविलें. ओवेननें आपल्या तीन यंत्रांचा हिशेब पुढें ठेविला आणि त्यांतून आपणांस तितकेंच मिळतें असें दाखविलें. मालकानें तो पाहिला आणि पगार कबूल केला.

पांचशें माणसांच्या गिरणींत वीस वर्षांचा मुलगा मुख्य म्हणून शिरला. त्या धंद्याची त्याला पुरी माहितीही नव्हती. अशा वेळीं पुष्कळ जण काय करितात तें आपण पाहतोंच. पहिल्याच दिवशीं आवाज चढवितात. ओवेननें सहा आठवडे एकही प्रत्यक्ष हुकूम केला नाहीं. सकाळीं सर्वांच्या आधीं येऊन दार उघडावें, रात्रीं सर्वांच्या मागून कुलूप लावावें, आणि दिवसभर प्रत्येक खात्यांत उभें राहून पाहावें. कोणी विचारलें तर हो किंवा नाहीं एवढेंच उत्तर. सहा आठवड्यांनीं जेव्हां तो बोलूं लागला, तेव्हां त्याला काम समजतें हें लोकांस कळून चुकलें होतें, आणि आपल्याशीं तो न्यायानें वागेल असाही विश्वास त्यांस वाटूं लागला होता. थोड्याच काळांत त्या गिरणीचें सूत पूर्वीपेक्षां फार बारीक निघूं लागलें, आणि गठ्ठ्यांवर ओवेनचें नांव छापलें जाऊं लागलें.

ड्रिंकवॉटरनें भागीचा लेखी करार करून दिला होता. पुढें घरच्या सोयरिकीचा प्रश्न निघाला, आणि होणाऱ्या जावयाच्या सोयीसाठीं ती भागी सोडावी, पगार पाहिजे तेवढा मागावा, असें मालकानें सुचविलें. ओवेननें कराराचा कागद खिशांत बरोबर आणिलाच होता. तो त्यानें तेथल्या तेथें विस्तवांत टाकिला आणि नोकरी सोडिली. पगारांत कांहीं कमी पडणार नव्हतें. परंतु दिलेला शब्द ज्यानें मागें घेतला त्याच्या हाताखालीं राहणें त्याला अशक्य झालें. मजुराचेंही असेंच असतें. त्याच्याजवळ जाळावयास कागद नसतो, आणि बहुधा नोकरी सोडण्याची सोयही नसते. म्हणून तो तेथेंच राहतो आणि मन मात्र काढून घेतो.

ह्यानंतर ओवेनसाहेब दुसऱ्या एका कंपनींत भागीदार झाले, आणि तिच्या कामानिमित्त स्कॉटलंडांत ग्लासगो शहरीं जाऊं येऊं लागले. तेथें डेव्हिड डेल नांवाचे सज्जन व्यापारी होते. ते स्वतःच्या स्वतंत्र मंडळींत उपदेशही करीत. क्लाइड नदीच्या धबधब्यांखालीं न्यू लॅनार्क येथें त्यांनीं सन १७८५ च्या सुमारास पाण्याच्या चक्रांवर चालणाऱ्या गिरण्या काढिल्या होत्या. ओवेन व त्यांचे भागीदार ह्यांनीं सन १७९९ मध्यें त्या साठ हजार पौंडांस घेतल्या. वर्षाला तीन हजारांप्रमाणें वीस वर्षांत फेड करावयाची होती. त्याच वर्षीं डेलसाहेबांची कन्या कॅरोलाइन हिच्याशीं ओवेनसाहेबांचा विवाह झाला, आणि ता. १ जानेवारी १८०० रोजीं त्यांनीं न्यू लॅनार्कचा कारभार हातीं घेतला.

त्या गांवाची स्थिति काय होती? वस्ती सुमारें अठराशें ते दोन हजार. त्यांत चारपांचशें मुलें अनाथालयांतून आणिलेलीं, कांहीं तर पांचसहा वर्षांचीं. डेलसाहेबांनीं त्यांच्या अन्नवस्त्राची आणि स्वच्छतेची व्यवस्था त्या काळच्या मानानें फारच चांगली ठेविली होती, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. तरी तीं पोरें सकाळीं सहापासून संध्याकाळीं सातपर्यंत यंत्रांपाशीं उभीं असत आणि त्यानंतर शाळेंत बसत. तेथें काय शिकणार? मोठीं माणसें नाइलाज म्हणून गिरणींत आलेलीं होतीं. दारू चाले, भांडणें चालत, आणि गिरणींतली चोरी तर इतकी सर्रास कीं तिला कोणी चोरी म्हणतही नसे. मालक शहरांत राहणारा, मुकादम आपल्या मर्जीचे, दुकानदार उधारीवर वाईट माल चढ्या भावानें देणारे. अशा ठिकाणीं कामावर निष्ठा कशी असावी?

नवे मालक वेल्स प्रांतांतले, म्हणजे परके. लोकांनीं त्यांच्याकडे संशयानेंच पाहिलें. हा मनुष्य गोड बोलून अधिक काम पिळून घेण्यासाठीं आला आहे, अशी सर्वांची समजूत झाली, आणि तिच्यांत कांहीं गैर होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. गरिबाला हा अनुभव पुष्कळदां आलेला असतो. ओवेनसाहेबांनीं चोरीबद्दल कोणावर फिर्याद केली नाहीं. मालाची मोजणी आणि हिशेब अशा रीतीनें बांधिला कीं चोरी होतांच ती कोठें झाली तें कळावें. त्यामुळें चोरी करणेंच अवघड झालें. अनाथालयांतून नवीं मुलें आणणें त्यांनीं बंद केलें, आणि दहा वर्षांखालील मुलांस गिरणींत न घेण्याची चाल हळूहळू पाडिली. घरें वाढविलीं, रस्ते साफ केले. गांवांत कंपनीचें दुकान घातलें. तेथें चांगला माल घाऊक भावानें आणून थोड्या नफ्यावर विकला जाई, आणि तो थोडा नफाही पुढें शाळेकडे लागे. बाहेरच्या दुकानदारांकडे जो पैसा जात होता त्यांतला सुमारें चौथा हिस्सा घरांत राहूं लागला. पगार न वाढवितां मिळकत वाढली म्हणावयाची.

त्यांची एक युक्ति फार प्रसिद्ध आहे. प्रत्येक कामकऱ्याच्या जवळ दोन इंच लांबीचा लाकडाचा एक चौकोनी तुकडा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंस चार रंग: काळा, निळा, पिवळा व पांढरा. काल ज्याचें वर्तन वाईट त्याचा काळा रंग पुढें. बेताचें असेल तर निळा. चांगलें तर पिवळा. उत्तम तर पांढरा. रोजचा रंग वहींत लिहून ठेवीत. ओवेनसाहेब खात्यांतून जातांना फक्त त्या लाकडाकडे पाहत, मग माणसाकडे पाहत, आणि पुढें जात. शिव्या नाहींत, दंड नाहीं, मार तर नाहींच. आरंभीं जिकडे तिकडे काळा आणि निळा दिसे. वर्षें लोटलीं तसा पिवळा वाढला आणि पांढराही दिसूं लागला.

ही रीत आम्हांस सर्वस्वीं आवडते असें नाहीं. मोठ्या माणसाच्या कपाळीं रोज रंग लावावा, हें त्याला लहान मूल समजण्यासारखें आहे. परंतु तिच्या मागें एक नियम होता, आणि आमच्या मतें त्या नियमांतच तिचें बळ होतें. मुकादमानें आपल्यास चुकीचा रंग दिला असें ज्याला वाटे, त्याला थेट मालकाकडे जाऊन दाद मागण्याची मोकळीक होती, आणि ती मागितली म्हणून कोणी त्याच्यावर डूख धरूं नये अशी व्यवस्था होती. मुकादमाची मर्जी हाच जेथें कायदा होता, तेथें मुकादमाच्या डोक्यावर कोणी आहे असें लोकांस प्रथमच कळलें. काळा रंग तेवढा बोचत नसतो. विनाकारण दिलेला काळा रंग बोचतो.

इतकें सर्व करूनही पहिलीं सहा वर्षें लोकांचें मन पुरतें वळलें नाहीं. दुकान स्वस्त झालें, घर नीट झालें, तरी ह्यांत मालकाचें काय गेलें, असा प्रश्न मनांत राहिलाच. तो प्रश्न सन १८०६ च्या सुमारास सुटला. अमेरिकेनें आपल्या बंदरांतून इंग्लंडाकडे माल जाण्यास बंदी घातली. कापूस इतका महागला कीं सूत काढणें म्हणजे तोटा विकत घेणें झालें. ठिकठिकाणच्या मालकांनीं गिरण्या थांबविल्या आणि मजुरांस काढून टाकिलें. त्या वेळीं काम गेलेल्या माणसास ना पेन्शन, ना भत्ता. गांव सोडून भीक मागत फिरणें हाच मार्ग होता. न्यू लॅनार्कचींही चक्रें थांबलीं. लोकांनीं बोचकीं बांधण्याची तयारी केली असेल.

ओवेनसाहेबांनीं कोणासही काढिलें नाहीं. कापूस उतरेपर्यंत यंत्रें बंद राहतील; तोंवर यंत्रें पुसून तेल घालून नीट ठेवावींत, आणि प्रत्येकानें आपला पूर्ण पगार न्यावा, असें त्यांनीं ठरविलें. बंदी चार महिने राहिली. चार महिने एक धागाही निघाला नाहीं, आणि चार महिने कोणाच्याही मजुरींतून एक दमडी कापिली नाहीं. ह्यांत सात हजार पौंडांहून अधिक रक्कम गेली. डेलसाहेबांस वर्षाला द्यावयाचा हप्ता तीन हजारांचा होता, हें ध्यानांत आणिलें म्हणजे ती रक्कम केवढी, तें वाचकांस कळेल. दोन वर्षांच्या हप्त्यांहून अधिक पैसा विकावयास कांहीं नसतांना मजुरांच्या घरीं गेला.

तेव्हांपासून गांव त्यांचें झालें. स्वतः ओवेनसाहेब आपल्या आत्मचरित्रांत लोकांच्या विश्वासाची सुरुवात येथूनच धरितात. चक्रें पुन्हां फिरूं लागलीं तेव्हां जे कामावर आले ते तेच लोक होते, यंत्रेंही तींच, मुकादमही तेच. परंतु आतां मालकाच्या सूचनेमागें कपट शोधण्याचें कारण उरलें नव्हतें. नवी पद्धत सांगितली तर लोक ती करून पाहूं लागले. मालाचा नास कमी झाला, चोरी बहुतेक नाहींशी झाली, दारूही ओसरली. ह्या गिरण्यांचें सूत बाजारांत नांवाजलें गेलें.

भागीदारांस मात्र ही रीत पचेना. नफा चांगला होता. पण शाळा व घरें ह्यांवर जो पैसा जातो तोही आपल्याच खिशांत यावा, असें त्यांस वाटे. सन १८०९ मध्यें पहिले भागीदार निघाले आणि ओवेनसाहेबांनीं नव्या मंडळींसह गिरण्या चौऱ्यायशीं हजारांस घेतल्या. नवे भागीदार तर जुन्यांहूनही कृपण निघाले. त्यांनीं शाळेचें काम अडविलें, कामाचे तास वाढवावयास लाविले, आणि शेवटीं सन १८१३ मध्यें गिरण्या लिलावास काढिल्या. ओवेनच्या चालीनें धंदा बुडाला आहे अशी आवई उठवून त्या स्वस्तांत पदरांत पाडाव्या, असा त्यांचा बेत होता. पण ओवेनसाहेबांनीं लंडनास जाऊन वेगळ्याच प्रकारचे भागीदार मिळविले होते. त्यांत क्वेकर पंथाचे धार्मिक गृहस्थ विल्यम ॲलन होते, आणि कायद्याचे पंडित जेरेमी बेंथॅमही होते. भांडवलावर शेंकडा पांच व्याज घ्यावें, बाकीचें लोकांच्या हितासाठीं लागावें, हें ह्या मंडळीनें पत्करिलें. लिलावांत किंमत चढत चढत एक लाख चौदा हजार एकशें पौंडांवर गेली आणि गिरण्या ओवेनसाहेबांकडेच राहिल्या. साठ हजारांची वस्तु चौदा वर्षांत जवळजवळ दुपटीची झाली होती, आणि ती बोली लावणाऱ्यांत तिला बुडीत म्हणणारेही होते!

ही बातमी गांवांत पोहोंचली तेव्हां खिडक्याखिडक्यांत दिवे लागले. ओवेनसाहेब व त्यांचे नवे सोबती गाडींतून येत असतां गिरणीचे लोक लॅनार्क शहरापर्यंत सामोरे गेले, त्यांनीं गाडीचे घोडे सोडिले, आणि दोऱ्या धरून ती स्वतः ओढीत गांवांत आणिली. माणसांनीं माणसांस ओढावें हें ओवेनसाहेबांस मुळींच पसंत नव्हतें. त्यांनीं पुष्कळ मना केलें, पण ऐकतो कोण?

ह्याच काळांत त्यांनीं समाजाविषयीं आपले निबंध प्रसिद्ध केले. त्यांत गिरणीवाल्यांस उद्देशून त्यांचें म्हणणें असें होतें कीं, लोखंडी यंत्र पुसलें, तेल घातलें, जपून वापरलें तर तें अधिक चालतें हें तुम्ही जाणतां आणि त्यासाठीं पैसा खर्चितां. मग त्याहून किती तरी अद्भुत असें जें सजीव यंत्र तुमच्या गिरणींत उभें आहे, त्याची काळजी कां घेत नाहीं? माणसास यंत्र म्हणणें आमच्या जिभेवर येत नाहीं. परंतु ते ज्यांच्याशीं बोलत होते त्यांस तेवढीच भाषा कळत होती.

ता. १ जानेवारी १८१६ रोजीं गांवांत मोठी शाळा उघडली. चालूं लागलेल्या मुलापासून तेथें प्रवेश असे. धाकट्यांच्या वर्गावर जेम्स ब्यूकॅनन नांवाचा साधा विणकर आणि गिरणींतली सतरा वर्षांची मॉली यंग, अशीं दोघें नेमिलीं होतीं. मुलांस मारावयाचें नाहीं, रागें भरावयाचें नाहीं, हा पहिला नियम. त्याच वर्षापासून कामाचे तास रोज पावणेअकरांवर आणिले. पूर्वीच्या भागीदारांच्या वेळीं ते चौदापर्यंत गेले होते. पार्लमेंटच्या कमिटीपुढें ओवेनसाहेबांनीं साक्ष दिली कीं, तास कमी केल्यानें त्या मानानें उत्पन्न घटलेलें नाहीं. इतर गिरणीवाल्यांनीं तें खोटें ठरविण्याचा पुष्कळ यत्न केला. अखेर सन १८१९ मध्यें जो कायदा झाला त्यांत नऊ वर्षांखालील मुलांस कापसाच्या गिरण्यांत मनाई झाली, आणि सोळांपर्यंतच्यांस बारा तासांची मर्यादा पडली. पण तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास योग्य तपासनीस नव्हते. ओवेनसाहेबांस तो कायदा आपला वाटला नाहीं.

आतां त्यांच्या उण्या बाजूकडे वळलें पाहिजे. गांवांत आजारी व म्हाताऱ्यांसाठीं एक फंड होता. प्रत्येकाच्या मजुरीचा साठावा हिस्सा त्यांत जाई. फंड चांगला होता, आणि त्यानें पुष्कळांचें दुःख हलकें झालें. परंतु ही कापणी सक्तीची होती, आणि तिची व्यवस्था मालकाच्या विचारानें चाले. कांहीं वर्षांनीं गांवकऱ्यांनीं तक्रार केली कीं, जी गोष्ट सर्वस्वीं आमची आहे तींत आम्हांस न विचारतां ओवेनसाहेब ठरवितात तें आम्हीं कां मानावें? ज्या लोकांनीं त्यांची गाडी ओढली त्यांच्याच गांवांतून ही तक्रार निघाली. आमच्या मतें ती कृतघ्नपणाची नव्हती. माणसाशीं बरीं वर्षें न्यायानें वागल्यावर तो सरळ उभा राहतो, आणि सरळ उभा राहिला म्हणजे आपल्या पैशाचा हिशेबही मागतो. मँचेस्टरास सहा आठवडे गप्प राहून पाहणारे आणि ऐकणारे ओवेन पुढें पुढें फार बोलूं लागले होते आणि थोडें विचारीत होते.

धर्माच्या बाबतींत तेंच झालें. सन १८१७ मध्यें लंडन येथील सभेंत त्यांनीं सर्व धर्ममतांवर कडक टीका केली, आणि जे पुष्कळ धार्मिक लोक त्यांच्या कामास पाठिंबा देत होते ते दूर झाले. विल्यम ॲलन ह्यांचा आणि त्यांचा गिरणीच्या शाळेवरून वर्षानुवर्षें वाद चालला. एकास पवित्र शास्त्राचें शिक्षण पाहिजे, दुसऱ्यास गाणें, नाचणें आणि कवायत. सन १८२४ मध्यें ॲलन ह्यांच्या मताप्रमाणें करार झाला. ह्या वादांत आम्ही कोणाच्या बाजूचे हें वाचक ओळखतीलच. तरी हेंही लिहिलें पाहिजे कीं, चार महिने बंद गिरणींतून मजुरी देणारा मनुष्य प्रार्थनामंदिरांतला नव्हता, आणि त्याच वेळीं मजुरांस वाऱ्यावर सोडणाऱ्यांत रविवारीं पुढल्या बांकावर बसणारे थोडे नव्हते. ही गोष्ट आम्हांस लाजविते, आणि ती लपविल्यानें कांहीं साधणार नाहीं.

त्यानंतर ओवेनसाहेब अमेरिकेस गेले. इंडियाना प्रांतांत न्यू हार्मनी नांवाची सबंध वसाहत त्यांनीं सन १८२५ मध्यें विकत घेतली. तेथें सर्वांनीं सारखें राबावें, सारखें खावें, असा बेत होता. नानाप्रकारचे लोक जमले. व्याख्यानें देणारे पुष्कळ, नांगर धरणारे थोडे. आणि ओवेनसाहेब स्वतः बहुतेक काळ दुसरीकडे. दोन वर्षांत तो डाव मोडला, आणि त्यांच्या संपत्तीचा फार मोठा भाग त्यांत गेला. न्यू लॅनार्कशीं असलेला व्यवहारही त्यांनीं लवकरच सोडला. सन १८३४ मध्यें इंग्लंडांत सर्व धंद्यांच्या कामकऱ्यांचा एक मोठा संघ उभा राहिला, त्याचे ते पुढारी होते; तोही वर्षभरांत विसकटला. म्हातारपणीं हातीं पैसा फारसा राहिला नव्हता, तरी लिहिणें व बोलणें अखेरपर्यंत चालूं होतें.

सन १८५८ मध्यें शेवटचा आजार आला तेव्हां त्यांनीं आपल्या जन्मगांवीं जाण्याचा आग्रह धरिला. ज्या गांवांतून ते दहाव्या वर्षीं निघाले होते त्या न्यूटाउनास ता. १७ नोव्हेंबर १८५८ रोजीं ते मरण पावले, आणि तेथील जुन्या, पडलेल्या देवळाच्या आवारांत आईबापांच्या जवळ त्यांस मूठमाती दिली. न्यू लॅनार्कच्या गिरण्या त्यांच्या मागें शंभरांहून अधिक वर्षें सूत काढीत राहिल्या. सन १९६८ मध्यें त्या बंद झाल्या. सन २००१ मध्यें त्या गांवाची जागतिक वारशांत गणना झाली. मजुरांचीं तीं दगडी घरें नदीच्या कांठीं अजून उभीं आहेत, आणि त्यांतल्या कांहींत आजही लोक राहतात.